तुम्ही विचारलंत म्हणून: कावळे जमिनीवर उतरतात तेव्हा

"भरतकाम करणाऱ्या बाईचं एवढं काय कौतुक? भरतकाम तर उशीच्या अभ्र्यावर करतात." माझ्या हातात सुई-दोरा दिसला, की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे बहुतेकदा प्रेमानेच विचारतात, म्हणून रागवत नाही. सुई-दोऱ्याने चित्रं भरणाऱ्या कलाकार ब्रिटा मारकाट-लाब्बा यांच्या कावळ्यांचं चित्र पुढे करते.

ब्रिटा सामी आहेत, स्वीडनच्या उत्तर टोकाच्या, रेनडिअर पाळणाऱ्या घरातल्या. सामी म्हणजे उत्तर युरोपातले मूळ रहिवासी; त्यांचा मुलूख नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशा चार देशांत विभागला गेलाय. नॉर्वेत आल्टा नदीवर वीजप्रकल्पासाठी धरण बांधायचं ठरलं. पहिल्या आराखड्यात तर मासी हे अख्खं सामी गावच पाण्याखाली जाणार होतं. ते वगळलं गेलं, तरी चराईचा आणि नदीचा प्रश्न राहिलाच. १९७९ मध्ये ओस्लोत संसदेसमोर उपोषण झालं. जानेवारी १९८१ मध्ये, ऐन थंडीत, साखळ्यांनी स्वतःला बांधून बसलेल्या आंदोलकांना हटवायला सुमारे सहाशे पोलीस आले.

त्याच वर्षी ब्रिटांनी 'कावळे' भरलं. आभाळातून कावळ्यांचा थवा खाली येतो आणि जमिनीला पाय लागता लागता त्यांचे पोलीस होतात. समोर माणसं बसलेली, इवलीइवलीशी. ना घोषणा, ना फलक. कावळा नेमका कुठे संपला आणि गणवेश कुठे सुरू झाला, हे शोधायला मी कितीदा चित्र मोठं करून पाहिलंय. सापडत नाही. मला तरी एखाद्या संतापलेल्या भाषणापेक्षा हे जास्त झोंबतं.

धरण झालंच, १९८७ मध्ये वीज सुरू झाली. पण त्या आंदोलनाच्या रेट्यामुळे सामींच्या हक्कांची चर्चा टाळता येईना, आणि १९८९ मध्ये नॉर्वेत सामी संसद उभी राहिली.

ब्रिटांचं मोठं काम म्हणजे 'हिस्टोर्या'. २००३ ते २००७, चार वर्षं. लांबी जवळजवळ चोवीस मीटर, उंची फक्त ३९ सेंटिमीटर. सामी देवता, स्थलांतर, नॉर्वेतल्या काउटोकेइनो गावचं १८५२ चं सामी बंड, सगळं तागाच्या पट्टीवर लोकरीच्या दोऱ्याने भरलेलं. ते ट्रॉम्सोच्या विद्यापीठात आहे. २०१७ मध्ये जर्मनीतल्या कासेलला 'डॉक्युमेंटा' या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनात मांडलं, तेव्हा ते जगभरच्या लोकांनी पाहिलं. खरं सांगायचं तर, इतक्या उशिरा लोकांचं लक्ष गेलं याचाच मला राग येतो. भित्तिचित्र असतं तर एवढा वेळ लागला असता का?

आमच्यासारख्या भरणाऱ्यांना त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट दिसते ती म्हणजे कोरं कापड. आपला हात रिकाम्या जागेवर गेल्याशिवाय राहत नाही. एक पान, एक वेल, काहीतरी टाकतोच. ब्रिटा कापड तसंच सोडतात आणि त्याचा बर्फ होतो. माणसं त्यावरून चालत राहतात.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्यासारखा एक कावळा भरून पाहिला. पहिल्यांदा पोपट झाला. नंतर चोच जमली, पंखही जमले. पंखाचा कोट होतो तिथला टाका मात्र तीनदा उसवलाय.