बाबांची राहून गेलेली पदके

बाबांच्या पदकांसाठीचा अर्ज आज त्यांच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे रवाना केला. १९७१च्या युद्धात ते पूर्व आघाडीवर होते आणि भर गोळीबारात त्यांनी एका जखमी जवानाला उचलून मागे आणले होते, हे त्यांच्या निधनानंतर त्यांच्या साथीदारांकडून आम्हाला कळले. घरी ते त्याविषयी एक शब्दही बोलले नव्हते. त्यामुळे वीरचक्रासाठी प्रयत्न करावा, असे मला मनापासून वाटत होते. परंतु शौर्य पुरस्कार वारसांच्या मागणीवर मिळत नाही, त्यासाठी त्या वेळच्या वरिष्ठांची शिफारस आणि प्रत्यक्षदर्शींची निवेदने लागतात, हे आज सैनिक कल्याण कार्यालयात भेटलेल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी अतिशय आपुलकीने समजावून सांगितले. १९७१च्या युद्धातील सेवेसाठीच्या ‘पूर्वी स्टार’ (पूर्व आघाडीसाठीचे पदक) आणि ‘संग्राम पदक’ यांची गोष्ट वेगळी आहे. ती शौर्याची नव्हेत, युद्धसेवेची पदके आहेत. आवश्यक सेवा बजावलेल्या प्रत्येक सैनिकाचा त्यांवर हक्क असतो, आणि बाबांनी ती कधी घेतलीच नव्हती. या पदकांवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, हे ऐकून आई किती तरी वेळ काही बोलली नाही.

बाबांच्या साथीदाराने सांगितलेली हकिकत मी त्यांच्या सहीनिशी लिहून घेतली असून तीही अर्जाला जोडली आहे. तिच्यावरून वीरचक्र मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ती कागदावर असलीच पाहिजे. आपल्या घरात त्या युद्धातील कोणी असेल, तर त्यांचे डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळालेली सेवेच्या नोंदींची पुस्तिका, एकदा अवश्य उघडून पाहावे.