एकटीला न वाजणारं गाणं

मी मिरजेत तबला शिकले आणि आता लंडनमध्ये एका त्रिनिदादी स्टीलबँडात गिटार पॅन वाजवते. पॅन म्हणजे तेलाच्या पिंपाच्या पत्र्यावर स्वर ठोकून घडवलेलं वाद्य; गिटार, सेलो, टेनर, बेस हे त्याचे प्रकार. तबल्याच्या साथीत गाणाऱ्याकडे कान ठेवायचा असतो. इथे गाणारा कुणी नाही. माझ्या वाट्याला येतात ते स्वरांचे छोटे तुकडे, तेही बहुतेक मात्रेच्या मधल्या जागी. घरी एकटीने वाजवले तर त्यांतून चाल कळतच नाही. सेलोवाला मी सोडलेली जागा भरतो, चाल टेनर पॅन पुढे नेतात, आणि बेसवाला सहा अख्ख्या पिंपांच्या मधे उभा राहून गर्रकन वळत वाजवतो, कारण एका पिंपावर तीनच स्वर मावतात. लय सांभाळते ‘इंजिन रूम’: ड्रमसेट, कोंगा (हाताने वाजवायचे उंच ढोल), स्क्रॅचर (खरवडून वाजवायचं वाद्य) आणि सगळ्यांत महत्त्वाचं ‘आयर्न’, म्हणजे मोटारीचा ब्रेक ड्रम, लोखंडी सळ्यांनी बडवलेला. तो क्षणभर थांबला तरी अख्खा बँड बावरतो.

कागद नसतो. अरेंजर, म्हणजे गाण्याची बँडसाठी मांडणी करणारा, माझ्याच पॅनवर ओळ वाजवून दाखवतो, मी ती उचलते आणि शेजारच्या मुलाला देते.

या वाद्यामागे मोठा झगडा आहे. 1881 मध्ये त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला, कानबुलेच्या म्हणजे कार्निव्हलमधल्या मशालींच्या मिरवणुकीत लोक पोलिसांशी भिडले. पुढे इंग्रज सरकारने ढोलांवर बंधनं घातली. लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, मग डबे ठोकले, आणि महायुद्धानंतर तेलाची 55 गॅलनची पिंपं सुरांत आणली. पॅन वाजवणारी पोरं गुंड समजली जायची. त्यांच्यातलेच निवडक वादक 1951 मध्ये ‘टास्पो’ नावाने लंडनच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये वाजवून गेले. स्टर्लिंग बेटनकोर्ट मात्र इथेच राहिले. पुढे ते आणि रसेल हेंडरसन लंडनच्या नॉटिंग हिल भागातल्या रस्त्यांवर पॅन वाजवत निघाले, त्या मिरवणुकीतून आजचा कार्निव्हल वाढला. लंडनने त्यांचं हे ऋण मोठ्याने सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सध्या माझ्या कानात जीत समारू आहेत. भारतीय वंशाचे त्रिनिदादी अरेंजर. त्यांच्या मांडणीवर रेनेगेड्स बँडने नऊ वेळा पॅनोरमा ही त्रिनिदादची स्टीलबँड स्पर्धा जिंकली, त्यात 1995 ते 97 सलग तीनदा. टेनरची ती सुसाट धाव सगळ्यांनाच ऐकू येते. मी तिच्याखालची गिटार पॅनची ओळ शोधतेय. सापडली की शेजारच्या मुलाला शिकवणार आहे.