निष्ठा: एका शब्दाची शिकवण

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवाव्यात, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा माझ्या मनात सर्वप्रथम आला तो ‘निष्ठा’ हा शब्द आणि तो ज्यांच्याकडून मला कळला ते आमचे संस्कृतचे गुरुजी.

1972 च्या दुष्काळात मी नववीत होतो. विहिरी आटल्या होत्या आणि वर्गातील निम्मी मुले आईवडिलांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. त्यांत मीही होतो. संस्कृतच्या तासाला कधी तीन, तर कधी दोनच मुले उरत. तरीही गुरुजींनी तास कधी बुडवला नाहीच, शिवाय कामावरून परतणाऱ्या आम्हा पाच जणांसाठी दिवेलागणीनंतर शाळेच्या ओसरीत कंदील लावून दिवसाचा पाठ ते पुन्हा घेऊ लागले. हातोड्याच्या दांड्याने माझ्या उजव्या तळहाताला फोड आले होते आणि पेन धरवत नव्हते, म्हणून मी रूपे तोंडीच म्हणत असे.

अशाच एका संध्याकाळी ‘क.भू.धा.वि.’, म्हणजे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषण, चालू असताना गुरुजींनी फळ्यावर पाणिनीचे सूत्र लिहिले: ‘क्तक्तवतू निष्ठा’. कृत, कृतवान्, गत, गतवान् अशी रूपे ज्या दोन प्रत्ययांनी होतात, त्यांना पाणिनीने ‘निष्ठा’ हे नाव दिले आहे. देवावरच्या भावाला वापरायचा शब्द व्याकरणात कसा आला, असे मी विचारले. गुरुजींनी शब्द फोडून दाखवला. नि आणि स्था मिळून निष्ठा. ‘नि’मधील इकारामुळे स चा ष झाला आणि ष च्या शेजारी थ चा ठ झाला. प्रतिष्ठा हा शब्दही असाच झाला आहे, आणि आस्था, अवस्था, व्यवस्था, संस्था ही सारी त्याच ‘स्था’ची, म्हणजे उभे राहण्याची, भावंडे आहेत. संस्कृतात निष्ठा म्हणजे दृढपणे राहणे आणि निष्ठा म्हणजे शेवट, पूर्णताही. म्हणूनच क्रिया पुरी झाल्याचे सांगणाऱ्या प्रत्ययांना ते नाव शोभते. ‘निष्णात’ला मात्र या घरात आणू नका, असे त्यांनी बजावले, कारण तो ‘स्ना’ धातूचा, विद्येत न्हालेला माणूस.

‘वस्तुनिष्ठ’ या शब्दाचा उलगडाही मला तेव्हाच झाला. त्यात भक्तीचा लवलेश नाही. जे वस्तूच्या ठायी आहे ते वस्तुनिष्ठ, पाहणाऱ्याच्या ठायी आहे ते व्यक्तिनिष्ठ. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘द्विविधा निष्ठा’ आली आहे, तिथेही ज्ञानाच्या आणि कर्माच्या वाटेवर स्थिर राहणे हाच अर्थ आहे. मराठीत आपण भक्ती करतो, श्रद्धा ठेवतो, आणि निष्ठा मात्र ‘ढळते’ किंवा ‘ढळत नाही’ असे म्हणतो. ढळते ते मुळात उभे असलेले, एवढे या एका क्रियापदात मराठीने जपून ठेवले आहे. ‘निष्ठावंत’ हा शब्द आज वर्तमानपत्रांत बहुतेक पक्षापुरता आणि नेत्यापुरताच उरला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढच्या वर्षी गुरुजींनी आम्हाला अंबाजोगाईला नेले आणि संतकवी दासोपंतांची पासोडी दाखवली. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा कापडावर ओळीमागून ओळ ओव्या लिहिलेल्या आहेत. ‘भक्ती म्हटली की आपल्याला डोळ्यांतले पाणी आठवते, हे कापड कुणीतरी शेवटच्या टोकापर्यंत लिहीत नेले आहे, ते टोक पाहा,’ असे म्हणून त्यांनी आम्हाला त्या टोकाशी नेऊन उभे केले. भक्ती आणि निष्ठा यांतला भेद मला तेव्हा समजला, असे मी आजही मानतो.

दुष्काळी वर्षातील शेवटच्या पाठाला, एप्रिलमध्ये, ओसरीत मी एकटाच होतो. दोनच श्लोक उरले होते आणि कंदिलात रॉकेल थोडे होते. उरलेले उद्या घेऊ, असे मीच सुचवले. गुरुजींनी वात थोडी खाली केली, पुस्तक उजेडाजवळ सरकवले आणि दोन्ही श्लोक अन्वयासह पुरे करूनच ते उठले.