गाडीतळाच्या अलीकडे, पलीकडे

पुण्यावर लिहायला बसलेला माणूस सहसा लक्ष्मी रोड ओलांडत नाही. फारच उदार झाला तर नळ स्टॉपवरून कोथरूडपर्यंत जाऊन येतो आणि पूर्वी इथे कशी शेतं होती म्हणून उसासा टाकतो. पुण्याच्या पूर्व टोकाच्या आमच्या हडपसरच्या वाट्याला उसासेसुद्धा येत नाहीत. आमच्या वाट्याला येते वाहतूक कोंडीची बातमी, आणि तीही आतल्या पानावर.

खरं तर शेतांसाठी उसासे टाकायचा पहिला हक्क आमचा. इंग्रजांनी मुठेवर खडकवासल्याचं धरण १८७०च्या दशकात बांधलं. त्याचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याजवळून, स्वारगेटच्या अंगानं हडपसरला येतो आणि पुढे लोणी काळभोर करत दौंडकडे निघून जातो. हे पाणी आलं आणि इथली रानं बागायती झाली. ऊस, भाजीपाला, पुढं शेजारच्या मांजरी गावाकडे द्राक्षं. उसाची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, दोन्ही मांजरीतच आहेत. त्यांना जागा कुठे द्यायची याचा कुणाला फार विचार करावा लागला नसणार.

आता ऊस दिसतो तो रसवंतीत. पण रानाचे मालक मात्र पत्त्यातून हललेले नाहीत. सातववाडी, ससाणेनगर, काळेपडळ, गोंधळेनगर, शेवाळेवाडी, मगरपट्टा. बंगळुरूहून बदली होऊन आलेला आयटीतला मुलगा कुरिअरवाल्याला फोनवर पत्ता सांगतो तेव्हा नकळत एखाद्या भावकीचंच नाव घेत असतो. जिथे भावकी नाही तिथे आकडे आहेत. पंधरा नंबर, साडेसतरा नळी. कंडक्टर ओरडायला लागला की नवख्याला वाटतं, बसमध्ये पाढे चाललेत.

मगरपट्ट्याची गोष्ट पुण्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे, निदान तिचा गोड भाग. शहर अंगावर येतंय हे ओळखून साधारण १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४००च्या आसपास एकर जमीन तुकड्या-तुकड्यांनी बिल्डरला न विकता एकत्र केली. सतीश मगर पुढे झाले, कंपनी निघाली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा ठरला. २०००च्या सुमाराला काम सुरू झालं आणि कांदा-ऊस काढणाऱ्या घरांतली पोरं बांधकामाची, नर्सरीची, केबलची कंत्राटं घ्यायला लागली. देशभरातून लोक हे बघायला आले. येणारच, कारण शेतकरी उठून गेला नाही अशी शहरवाढीची उदाहरणं बोटावर मोजण्याइतकीच. मला या गोष्टीचं कौतुक आहेच, फक्त ती पुरती सांगितली जात नाही असं वाटतं. हिस्सा सातबाऱ्यावर ठरला, आणि त्या रानात खुरपायला येणाऱ्या बायकांचं नाव सातबाऱ्यावर कुठून असणार? त्यातल्या कुणाकुणाच्या सुना आज त्याच जागेवरच्या आठव्या मजल्यावर भांडी घासायला येतात. कंपनीनं कुणाला फसवलं असं नव्हे. हिशेबात जे होतं त्याचं वाटप झालं, एवढंच.

कारखानदारीही इथे जुनीच. १९६६ साली सायरस पूनावालांनी हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट काढली. घरचा धंदा शर्यतीचे घोडे पाळण्याचा, आणि धनुर्वाताचं सीरम तेव्हा घोड्याच्या रक्तापासून करत. घोड्यांच्या तबेल्यातून निघालेली ही वाट कुठवर गेली ते १२ जानेवारी २०२१च्या पहाटे सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. मांजरीच्या कारखान्यातून कोव्हिशील्डचे ट्रक पूजा करून बाहेर पडले. त्या दिवशी हडपसर पहिल्या पानावर होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोंडी.

कोंडीवर लिहीत नाही. २००६मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका राखलेला रस्ता मोठ्या थाटात सुरू झाला होता, आता त्याच्या खुणा शोधाव्या लागतात. हा विषय इथेच संपला.

वर्षातून एक दिवस मात्र हीच कोंडी आम्हाला हवी असते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यातून निघाल्या की इथे विसाव्याला थांबतात आणि हडपसरच्या गाडीतळ चौकात वाटा फुटतात. माऊली दिवे घाटाकडे, सासवडला. तुकोबा सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला. काचेच्या इमारतींतली पोरं गळ्यात ओळखपत्रं घालून राजगिऱ्याचे लाडू वाटत उभी असतात. मागच्या खेपेला डोक्यावर तुळस घेतलेल्या एक मावशी आमच्या सोसायटीच्या गेटवर आल्या आणि वॉचमनला म्हणाल्या, "बाळा, चार्जर हाय का बारीक पिनचा?" केबिनमधल्या प्लगला फोन लागला, मावशी पायरीवर टेकल्या. नियमांचे फलक लावण्यात पटाईत असलेले आमचे सेक्रेटरी आतून खुर्ची घेऊन आले. मावशी खुर्चीवर बसल्या नाहीत, तुळस मात्र ठेवली तिच्यावर.

आमची सोसायटी जिथे आहे ते रान तात्यांचं. मागच्या बाजूला त्यांचं जुनं घर अजून आहे. पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन म्हशी, आणि म्हशींना खेटून नातवाची पांढरी फॉर्च्युनर. सकाळी धारा काढून झाल्या की तात्या टोपी सारखी करत बाहेर बाजेवर बसतात आणि आमची ऑफिसला जायची धांदल बघतात. पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये पाणी झिरपतं. वॉटरप्रूफिंगवाले येतात, काहीतरी फासतात, पैसे घेऊन जातात. एकदा तात्यांना विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या लिफ्टच्या खाली आमची विहीर. बिल्डरनं बुजवली ती. पण पाण्याला कुठं सांगितलंय त्यानं?" सोसायटीच्या सभेत मी हे सांगून पाहिलं. ते इतिवृत्तात आलं नाही.

जमिनीचे पैसे आल्यावर तात्यांनी दौंडच्या बाजूला रान घेतलं, तेही कालव्यालगत. हडपसरच्या पुष्कळ जुन्या घरांनी असंच केलं आहे. इकडचे एकर विकून तिकडं जास्तीचे घ्यायचे, शेत हातचं जाऊ द्यायचं नाही. ऊस तिकडं लावला खरा, पण पाण्याचं गणित आता पार फिरलं आहे. धरणातलं पाणी शहर पितं आणि त्या बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, प्रक्रिया केलेलं सांडपाणी बेबी कालव्यात उचलून खालच्या शेतांकडे सोडतात. त्याचा वास कसा असतो ते हडपसरकरांना सांगायला नको. कालव्याला उन्हाळी आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार यावर दरवर्षी बैठका होतात, आणि बैठक झाली की तात्यांचा पारा चढतो.

यंदाही चढला होता. बाजेवर बसून फोनवर कुणाला तरी मोठमोठ्यानं सांगत होते, की सगळं पाणी हे पुणेकर पितात, गाड्या धुतात, झाडांना घालतात, आणि आमच्या उसाला काय, ह्यांच्या मोऱ्या! शेजारीच नातू पाइप लावून फॉर्च्युनर धूत होता.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "तात्या, तुम्हीपण पुणेकरच की. घरपट्टी तर महापालिकेलाच भरता."

"आम्ही?" तात्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आम्ही हडपसरचे. पुण्याला जायचं म्हंजे मला आधी दाढी करावी लागती."