बालसंगोपन योजनेचा माझा अनुभव, आणि खिडकीवरचा तो एक प्रश्न

दादा एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने गेला. वहिनी पण पॉझिटिव्ह, विलगीकरणात, त्यामुळे दोन्ही पोरं बारा दिवस माझ्याकडे होती. मोठी नऊची, धाकटा पाचचा. दादाला दवाखान्यातनं परस्परच नेलं, किट घातलेल्या माणसांनी, आमचे मिस्टर लांब गेटपाशी उभे, तोंड कुणालाच बघायला मिळालं नाही. पोरांना मी "बाबा देवाघरी गेले" म्हणून सांगितलं आणि ते चुकलंच माझं, कारण धाकटा रोज दिवेलागणीला विचारायचा की देवाघरनं कधी येणार. शेवटी वहिनी आल्यावर दोघांना जवळ घेऊन सरळ सांगितलं, बाबा वारले, आता येणार नाहीत. खूप रडली, पण त्यानंतर त्याचं ते विचारणं थांबलं.

कागदांचं बघायचं तर कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना सरकारकडून मिळणारं 50 हजारांचं सानुग्रह अनुदान, त्याचा अर्ज ऑनलाइन भरला आणि मिळालं, त्यात काही त्रास नाही. सरकारची 5 लाखांची ठेव मात्र कोरोनात आई-वडील दोघंही गेलेल्या मुलांसाठी आहे, आमच्याकडे चार जणांनी "तुम्हाला पाच लाख मिळतात" सांगून वहिनीला उगाच आशा लावली होती.

अडकलो ते बालसंगोपनात, म्हणजे पालक गेलेल्या मुलांना सरकार दर महिन्याला पैसे देतं त्या योजनेत. तेव्हा महिन्याला 1100 रुपये होते एका मुलामागे, आता 2250 झालेत. फॉर्म भरला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, मृत्यूचा दाखला सगळं जोडलं, घरी चौकशीला ताई आल्या त्या पण चांगल्या होत्या. मग सांगितलं मुलांना घेऊन बाल कल्याण समितीसमोर या, मंजुरी तीच देते. जिल्ह्याचं ठिकाण आमच्यापासून साठ किलोमीटर. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा गेलो, पोरांची शाळा बुडवून, वहिनीचा रोज बुडवून, तर म्हणे आज समिती बसणार नाही, कोरम नाही, म्हणजे पुरेसे सदस्य आले नाहीत. पुढची तारीख नोव्हेंबरची, तोवर एसटीचा संप लागलेला, वडापात कोंबून गेलो, धाकट्याला सगळ्या रस्त्याने उलट्या. तिथं गेल्यावर परत तेच, समितीच्या मॅडम मीटिंगला गेल्यात. अहो मग फोन करून सांगायचं ना, अर्जावर नंबर लिहिलेला असतो की! महिन्यातून किमान 20 दिवस समितीने बसायचं असं बाल न्याय कायद्यात लिहिलंय, हे मला नंतर कळलं, आधी माहीत असतं तर तिथंच बोलले असते.

तिसऱ्या खेपेला डिसेंबरात गेलो. खिडकीवर गर्दी, आमच्यासारख्याच बाया पोरं घेऊन उभ्या. आतल्या माणसाने फाईल उघडली आणि मान वर न करता मोठीलाच विचारलं, "वडील कशाने वारले?" सगळ्यांसमोर. वहिनी खाली बघायला लागली. मी बोलणार तोवर पोरगीच म्हणाली, "माहीत नाही. मला दाखवलं नाही."

मागं उभ्या असलेल्या एका बाईने तोंडाला पदर लावला. त्या माणसाने काही न बोलता शिक्का मारला आणि आत पाठवलं. मला आजही त्याचा राग येतो, कारण बालसंगोपनाला वडील कोरोनाने गेले का कशाने गेले हे लागतच नाही, एक पालक गेलेला आहे एवढं पुरतं, आणि दाखला त्याच्या हातातच होता. म्हणून सांगते, खिडकीवर पोरांना नेऊच नका. एकाने पोरांना घेऊन बाहेर झाडाखाली थांबायचं, नाव पुकारलं की मगच आत.

आत मॅडमनी मात्र वडिलांबद्दल एक शब्द काढला नाही. कितवीत आहेस, चित्रं काढतेस का, आईला त्रास देतो का भाऊ, एवढंच. पाच मिनिटांत झालं. त्या पाच मिनिटांसाठी तीन महिने. ऑर्डर जानेवारीत हातात आली, पैसे त्यानंतर आठ महिन्यांनी, एकदम जमा झाले. वहिनीने त्यातनं पहिल्यांदा शाळेची फी भरली.

जायच्या आदल्या दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात फोन लावून समिती बसणार का ते विचाराच. सगळ्या कागदांच्या तीन झेरॉक्स ठेवा, आमची एक फाईल तिथंच हरवली होती. आणि सुप्रीम कोर्टाने 2021 मध्येच सांगितलंय की मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही एवढ्या कारणावर 50 हजार नाकारता येणार नाहीत, हे तेव्हा ज्यांना माघारी पाठवलं त्यांच्यासाठी लिहिते.

एक राहिलं, फोटोचं. अर्जाला घरासमोर उभा राहून पालकासोबत काढलेला फोटो लागतो. फोटोवाला आला तेव्हा मोठीने आतनं दादाचा हार घातलेला फोटो आणला आणि विचारलं, "आत्या, हा हातात धरू?" फोटोवाला म्हणाला चालणार नाही, रिजेक्ट करतील. मी म्हटलं दोन काढ. एक अर्जाला लावला. दुसऱ्यात तिने फोटो छातीशी धरलाय, हार काढून ठेवलाय, आणि धाकट्याने खालून बाबांच्या फ्रेमचा कोपरा पकडलाय. तो तिच्या कंपासपेटीत असतो.