सार्कला जाताय? जर्मनांच्या ताब्यात राहिलेलं बेट, आणि थोड्या कामाच्या गोष्टी

मे महिन्यात आईला घेऊन सार्कला जाऊन आलो. इंग्लिश खाडीतलं फ्रान्सच्या जवळचं बेट, जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर, वस्ती पाचशेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची एखादी वाडीच. जुलै १९४० ते मे १९४५ ही वाडी जर्मन सैन्याच्या ताब्यात होती, आणि परके सैनिक दारात येऊन गोड बोलायला लागले की गाव काय करतं हे मला तिथे जाऊन बघायचं होतं.

आधी शेजारच्या गर्न्सी बेटावर पोचायचं, तिथल्या सेंट पीटर पोर्टवरून बोट, साधारण पाऊण-एक तास. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे बदलतात आणि वारा सुटला की बोट रद्द, आमची परतीची तशीच रद्द झाली आणि पुढचं विमान हुकलं, म्हणून मधे एक रात्र मोकळी ठेवाच. बेटावर मोटारी नाहीत, बंदरावरचा चढ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून चढायचा, पुढे सायकल नाहीतर घोडागाडी. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर सरळ घोडागाडी करा. गर्न्सीच्या पौंडाच्या नोटा तिथेच संपवा, इंग्लंडात दुकानदार सहसा घेत नाहीत.

पहिल्यांदा सेन्योरी बघा, बेटाच्या वतनदारांचं घर, बागेला तिकीट आहे. युद्धाच्या वेळी वतन डेम (वतनदार बाईचा किताब) सिबिल हॅथवे यांच्याकडे होतं. शेजारच्या बेटांवरून माणसं पळत होती तेव्हा त्यांनी सार्कच्या लोकांना थांबायला सांगितलं आणि स्वतः थांबल्या. ३ जुलै १९४० ला जर्मन अधिकारी आले तर बाई बंदरावर गेल्याच नाहीत, दिवाणखान्याच्या पार टोकाला बसून राहिल्या, म्हणजे येणाऱ्याला अख्खी खोली चालत यावं लागणार. जर्मन त्यांना येत होतं. अधिकारीही अदबीने वागले, सुरुवातीला वरून हुकूमच तसा होता, दुकानात पैसे देऊन माल घ्यायचा. पण मार्कचा, म्हणजे जर्मन चलनाचा, भाव त्यांनीच आपल्या सोयीने ठरवलेला, त्यामुळे या सगळ्या बेटांवरची दुकानं पैसे देऊनच रिकामी झाली!

मग जून १९४२ ला रेडिओ जप्त झाले. ऑक्टोबरात ब्रिटिश कमांडो रात्री कडा चढून आले आणि एक कैदी घेऊन गेले, त्यानंतर सुरुंग, काटेरी तारा, आणि फेब्रुवारी १९४३ मधे माणसांची पाठवणी, त्यात डेमचे यजमान रॉबर्टसुद्धा, थेट बव्हेरियातल्या लाउफेनच्या छावणीत. अडीच वर्षांची अदब तिथेच मातीत गेली. मला विचाराल तर विश्वास मिळाला तो एकट्यादुकट्या माणसाला. सैन्यातला एक आरोग्यसेवक गावकऱ्यांना औषधपाणी करायचा, युद्धानंतर त्याने इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि इथेच येऊन राहिला.

ला कूपे अजिबात चुकवू नका. मोठं आणि छोटं सार्क जोडणारी अरुंद धार, रुंदी फक्त तीनेक मीटर, दोन्हीकडे साधारण ऐंशी मीटर खाली समुद्र. इथे सायकलवरून उतरून चालायचं असा नियम आहे. पायाखालचं काँक्रीट १९४५ मधे जर्मन युद्धकैद्यांनी ब्रिटिश इंजिनिअर तुकडीच्या देखरेखीखाली घातलंय, तशी पाटी आहे. आई कठड्याला धरून काँक्रीटवर चप्पल घासत म्हणाली, "अरे, काम मात्र पक्कं केलंय हो." वारा इतका होता की तिचा पदर मी धरून ठेवला होता.

१० मे १९४५ ला ब्रिटिश आले तेव्हा त्यांच्याकडे ठेवायला माणसंच नव्हती, म्हणून १७ मेपर्यंत २७५ जर्मन सैनिक डेमच्याच हुकमाखाली. बाईंनी त्यांना सुरुंग काढायला लावले आणि लोकांचे रेडिओ परत करायला लावले. बंदराकडे उतरताना हे डोक्यात ठेवून आजूबाजूला बघा, रस्ता वेगळा दिसतो.

रात्री राहणार असाल तर टॉर्च हवाच, रस्त्यावर एकही दिवा नाही.