उन्नत कोन ४० अंश

दहावीला आम्ही दीपगृह आणि जहाजाची गणितं ढिगाने सोडवली. वर्गातल्या निम्म्या पोरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. सर फळ्यावर काटकोन त्रिकोण काढायचे, 'उन्नत कोन थीटा' (वर बघताना नजर आडव्या रेषेशी करते तो कोन) लिहायचे आणि आम्ही टॅन ३० घोकायचो. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, याहून जास्त त्याचं आम्हाला काही वाटलं नाही.

तो त्रिकोण पुन्हा भेटला थेट अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या एका माळरानावर. मुलीला वाढदिवसाला मॉडेल रॉकेटचं किट आणलं होतं, एस्टेस कंपनीचं 'अल्फा'. कंपनी इथल्याच पेनरोज गावची, १९५८ साली सुरू झालेली. हल्ली तयार प्लास्टिकच्या पंखांची किटंही मिळतात, तासाभरात जोडून मोकळं. मी मुद्दाम बाल्सा लाकडाच्या पंखांचं घेतलं. जोडायचंच नसेल तर किट कशाला घ्यायचं?

पंखांना पॉलिश पेपर मारताना कार्यानुभवाचा तास आठवला. लाकडाचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हवेत, नाहीतर पंख सहज मोडतो. मग कागदी नळीभोवती पट्टी गुंडाळायची, परिघाएवढी कापायची, तिचे तीन सारखे भाग करून नळीवर खुणा करायच्या. पंख १२० अंशांवर बसतात. सांध्यावर पांढरा गोंद बोटाने पातळ ओढायचा आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. आमच्या घरी हेच सगळ्यांत अवघड गेलं. "बाबा, वाळलं का?" सारखं चालू.

इंजिन म्हणजे ७ सेंटिमीटर लांबीची पुठ्ठ्याची नळी, आत ठासलेली बंदुकीची काळी दारू. वर छापलेलं असतं 'ए ८-३'. 'ए' हा ताकदीचा गट, ८ म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्ये आणि ३ म्हणजे जळण संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकलं जाईपर्यंतचे सेकंद. पॅराशूट होरपळू नये म्हणून त्याच्याखाली न पेटणाऱ्या कागदाचे बोळे, आणि थंडीत घड्या चिकटू नयेत म्हणून चिमूटभर टाल्कम पावडर.

मुलीने १५ फूट मागे सरून बटण दाबलं. दिवाळीतल्या बाणासारखं ते रेंगाळत नाही. फस्स आवाज कानावर येतो तोवर रॉकेट वर पोचलेलं असतं.

मी १०० मीटरवर कोनमापक घेऊन उभा होतो. मध्यबिंदूला दोरा, दोऱ्याला नट. वारा आडवा लागेल अशी जागा धरली होती, कारण रॉकेट वाऱ्याकडे तोंड करून कलतं आणि माझ्याकडे कललं असतं तर कोन फुकटचा वाढला असता. कोन आला ४० अंश. टॅन म्हणजे उंची भागिले अंतर, आणि टॅन ४० म्हणजे ०.८४. १०० मीटरला त्याने गुणलं की ८४ मीटर, अधिक माझ्या डोळ्यांची उंची.

"मशीनने नाही का मोजता येत?" मुलीने विचारलं. येतं की! रॉकेटमध्ये मावेल एवढं उंचीमापक विकत मिळतं. पण त्यात दीपगृह नाही.

ही इंजिनं विमानातून आणू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला पाण्याचं रॉकेट करू. २ लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, तिसरा हिस्सा पाणी आणि सायकलचा पंप. बुचाचं मी बघतो. दहावीच्या मुलांनी कोनमापक, दोरा आणि नट आणावेत. मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक जण उभा करू, म्हणजे वाऱ्यामुळे येणारा फरक बराचसा कळेल.

– एक माजी विद्यार्थी, दहावी १९९४